भेट झाली, पण ओळख पटली नाही

खालिद हुसेनींची ‘अँड द माउंटन्स एकोड’ (२०१३) वाचून बरेच वाचक चिडतात. ताटातूट झालेले अब्दुल्ला आणि परी भेटतात, पण इतक्या उशिरा की स्मृतिभ्रंश झालेला भाऊ बहिणीला ओळखतच नाही! मला तर ही चिडचिड म्हणजे कादंबरीचं यश वाटतं. बहिणीला मोराचं पीस मिळावं म्हणून स्वतःचे बूट देऊन टाकणारा पोरगा डोक्यातून जात नाही.

प्रकरणं ९, दर वेळी गोष्ट वेगळ्याच माणसाकडे जाते. ग्रीक डॉक्टरचं प्रकरण, खरं सांगायचं तर, लांबलंय. पण परीला काबूलच्या श्रीमंत घरात पोचवणाऱ्या नबीचं, म्हणजे सावत्र आईच्या भावाचं, पत्र वाचलं की त्याच्यावरही राग धरवत नाही.

मोलगीकरांना ही ताटातूट परकी वाटू नये. आपल्याच अक्कलकुवा तालुक्यात सरदार सरोवरामुळे मणिबेलीची काही कुटुंबं गुजरातच्या वसाहतींत गेली, काही मागेच राहिली.

वाचायला घेतलीत तर सुरुवातीची ‘दीव’ची, म्हणजे तिथल्या दैत्याची, दंतकथा गाळू नका. विसरण्याचं औषध तिथेच आहे, आणि शेवटही तिथेच पेरलाय.