बॉनेट कार्बनचं, पण रिपोर्ट कुठंय?

'पंचेचाळीस हजार. फिटिंगचे वेगळे.'

दुकानदार काकांनी आकडा सांगितला आणि माझ्या मित्राने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते फुकटच देतायत. नाना पेठेतलं स्पेअर पार्ट्सचं दुकान, बाहेर टेम्पोंचे हॉर्न आणि काउंटरवर आडवं ठेवलेलं ते काळं, चकचकीत, चटईसारखी वीण असलेलं बॉनेट. मित्राने ते एका हाताने उचलून दाखवलं. 'बघ ना, काय लाइट आहे! गाडी उडेल आता.'

मित्र इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाडी बाबांची, सात वर्षं जुनी हॅचबॅक. पैसे मात्र त्याचे स्वतःचे, दोन सुट्ट्या शिकवण्या घेऊन साठवलेले. मी सोबत गेले होते ते फोटो काढायला. सहज म्हणून काकांना विचारलं, 'काका, याची काही टेस्ट झालेली असते का? एखादा कागद वगैरे?'

काका हसले. 'अगं, गाडीला नीट बसतंय ना? झालं की मग!'

हे उत्तर काही डोक्यातून जाईना. मित्राला म्हटलं, भावा, आठ दिवस थांब. आणि मग आम्ही दोघांनी मिळून जरा खोदकाम केलं.

आधी कार्बनची बाजू

कार्बन फायबर हे काही नुसतं शायनिंग मारायचं मटेरियल नाही. पॉलिॲक्रिलोनायट्राइल नावाच्या कृत्रिम धाग्याला आधी हवेत भाजतात, मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापवतात. मागे उरतात ते जवळपास शुद्ध कार्बनचे तंतू, आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. त्यांचं कापड विणायचं, इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवायचं, साच्यात बसवून घट्ट करायचं. तयार होणारा माल स्टीलच्या साधारण एक पंचमांश घनतेचा असतो आणि तंतूंच्या दिशेने ओढलं तर प्रचंड ताकदीचा.

ही ताकद जगाला दिसली १९८१ मध्ये. मॅक्लारेनने 'एमपी४/१' ही कार्बन फायबरचा सांगाडा असलेली पहिली फॉर्म्युला वन गाडी ट्रॅकवर आणली. कार्बन आपटलं की काचेसारखं फुटेल, अशी भीती तेव्हा अनेकांना होती. त्याच वर्षी इटलीत मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसनची गाडी अशी धडकली, की इंजिन मागून तुटून वेगळं झालं. वॉटसन स्वतः चालत बाहेर आला. नंतर रस्त्यावरच्या गाड्यांमध्येही कार्बन आलं. 'टू फास्ट टू फ्युरियस'मुळे आपल्याकडे जी स्कायलाइन आर३४ पोरांच्या वॉलपेपरवर असते, तिच्या २००० साली आलेल्या व्ही-स्पेक टू मॉडेलला निसाननेच कार्बनचं बॉनेट दिलं होतं.

म्हणजे 'कार्बन सेफ नाही' असं सरसकट म्हणणं चूकच. पण या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट कॉमन आहे. तो भाग त्या गाडीसाठी तिच्याच इंजिनीअर्सनी डिझाइन केला होता. नाना पेठेतल्या काउंटरवरच्या बॉनेटबद्दल असं म्हणता येत नाही.

पाच किलोचा हिशोब

मित्राचं सगळं आर्ग्युमेंट वजनावर होतं. म्हणून आम्ही वजनच केलं. शेजारच्या दुकानात त्याच मॉडेलचं जुनं पत्र्याचं बॉनेट होतं, ते भरलं साडेअकरा किलो. कार्बनचं साडेसहा. फरक पाच किलोचा.

कार्बन एवढं हलकं, तर फरक एवढाच कसा? कारण बाजारात 'कार्बन' म्हणून विकली जाणारी बरीच बॉनेट्स पूर्ण कार्बनची नसतात. वरचा एक थर कार्बनच्या कापडाचा, खाली साधं फायबरग्लास आणि भरपूर रेझिन. वरून पाहून हे कळत नाही.

आता गणित. गाडी साधारण ९०० किलोची. वजन १० टक्के कमी केलं तर इंधनात ६ ते ८ टक्के बचत होते, असा ढोबळ नियम आहे. आपले पाच किलो म्हणजे अर्धा टक्का. वर्षाला दहा हजार किलोमीटर, लिटरला १८ चं ॲव्हरेज धरलं, तर वर्षभरात वाचतं दोन-सव्वादोन लिटर पेट्रोल. पेट्रोल १०५ रुपये धरा. पंचेचाळीस हजार वसूल व्हायला जवळपास दोनशे वर्षं लागतील. तेवढेच पाच किलो टाकीत सात लिटर पेट्रोल कमी भरूनही वाचतात, तेही फुकट.

रेसिंगमध्ये गोष्ट वेगळी. तिथे सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी मारामारी असते आणि गाडीच्या नाकावरचं वजन कमी झालं की वळणावर फरक पडतो. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पडत नाही.

पत्रा चुरगळतो, ते मुद्दामच

मित्राची एक ज्युनिअर त्यांच्या कॉलेजच्या फॉर्म्युला टीममध्ये आहे. ही मुलं स्वतः रेसकार बनवून फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांना नेतात, आणि गाडीची बॉडी स्वतःच्या हाताने कार्बनची करतात. तिला विचारलं तर ती म्हणाली, 'दादा, आमचं नाक कार्बनचं असतं, पण धडक झेलायला त्याच्या आत वेगळा इम्पॅक्ट ॲटेन्युएटर असतो. त्याची टेस्ट करून रिपोर्ट द्यावा लागतो. रिपोर्ट नसेल तर गाडी ट्रॅकवर सोडतच नाहीत.'

मग तिने कंपनीचं बॉनेट उघडून दाखवलं. वरचा पत्रा गुळगुळीत, पण आत दुसरा पत्रा असतो. भोकं पाडलेला, घड्या घातलेला. या घड्या मुद्दाम ठरवलेल्या जागी असतात. समोरून धडक बसली की बॉनेट तिथेच दुमडतं, मधून तंबूसारखं वर येतं, आणि त्याची मागची कड काच फोडून आत घुसत नाही. आपण ज्याला 'पत्रा किती लेचापेचा' म्हणून नावं ठेवतो, ते त्याचं कामच आहे.

कार्बन दुमडत नाही. ते मर्यादेपर्यंत ताठ राहतं आणि मग तुटतं, धारदार कडा ठेवून. नीट डिझाइन केलं तर हे तुटणंसुद्धा ऊर्जा शोषून घेतं, रेसकारची नाकं त्यावरच चालतात. डिझाइन केलं नसेल तर ते कुठे आणि कसं तुटेल, हे धडक होईपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं.

दुसरा मुद्दा लॉकचा. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. ग्रिलमधून शिरलेली हवा बॉनेट खालून उचलायला बघते. कंपनीच्या बॉनेटमध्ये लॉकचा हूक जाड पत्र्याला पक्का बसवलेला असतो, शिवाय दुसरा सेफ्टी कॅच असतो. आफ्टरमार्केट बॉनेटमध्ये हाच हूक पातळ थरावर बोल्टने किंवा गमने बसवला असेल तर? एक्स्प्रेस वेवर शंभरच्या स्पीडला बॉनेट उघडून काचेवर आदळलं, तर पुढचं काहीच दिसत नाही. रेसिंगवाले वरून वेगळ्या बॉनेट पिन लावतात, त्या स्टाइलसाठी नाहीत.

बॉनेटच्या बाहेरच्या बाजूला मी असते

इथपर्यंत सगळं गाडीत बसलेल्यांबद्दल झालं. पण मला गाडी चालवता येत नाही. मी रोज कर्वे रोड पायी क्रॉस करते. त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे. ते बॉनेट माझ्या डोक्याला लागलं तर?

गाडीने पादचाऱ्याला उडवलं की बहुतेकदा आधी बंपर पायाला लागतो, मग माणूस बॉनेटवर कोसळतो आणि डोकं आपटतं. म्हणून बॉनेटची खास चाचणी असते. आंतरराष्ट्रीय नियमात लहान मुलाच्या आणि मोठ्या माणसाच्या डोक्यासारखे साडेतीन आणि साडेचार किलोचे गोळे ताशी ३५ किलोमीटरने बॉनेटवर वेगवेगळ्या ठिकाणी सोडतात आणि आतल्या सेन्सरवरून डोक्याला किती दणका बसला ते मोजतात. बॉनेट खाली दबलं पाहिजे, आणि दबताना डोकं खालच्या टणक इंजिनाला टेकता कामा नये. भारतात यासाठी 'एआयएस-१००' हे मानक आहे आणि २०१८ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झालं. अशी मानकं तयार करण्याच्या कामात आपल्या पुण्यातली, वेताळ टेकडीवरची एआरएआय आघाडीवर असते.

बॉनेट बदललं की त्या चाचणीचा काही अर्थच उरत नाही. नवीन बॉनेट जास्त ताठ असेल, तर दणका सगळा डोक्याला.

हे काही दूरचं संकट नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते. म्हणजे दिवसाला नव्वद. केंद्राने २०१७ मध्ये गाड्यांपुढचे लोखंडी क्रॅश गार्ड बेकायदा ठरवले, त्यामागेही पादचाऱ्यांच्या जिवाचं कारण होतं.

ऊन, पाऊस, खारी हवा

समजा, अपघात झालाच नाही. तरी बॉनेट आपल्या हवेत टिकायला हवं. इपॉक्सीला ऊन सोसत नाही. वरचा क्लिअर कोट चांगला नसेल तर काळं बॉनेट काही वर्षांत पिवळट, धुरकट दिसायला लागतं. हलक्या प्रतीचं रेझिन साठ-सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडतं. मे महिन्यात नागपूरला उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीवर हात ठेवून बघा, आणि खाली इंजिनाची धग आहेच. कोकणात, गोव्यात आणखी एक भानगड. कार्बन वीजवाहक असल्यामुळे दमट, खाऱ्या हवेत त्याला चिकटलेले ॲल्युमिनियमचे किंवा लोखंडाचे स्क्रू आणि बिजागऱ्या लवकर गंजतात.

आणि दुरुस्ती? पत्र्याला पोचा पडला तर डेंटिंगवाले काका तासाभरात काढतात. कार्बनला दणका बसला तर वरून काही दिसत नाही, आतले थर मात्र सुटलेले असू शकतात. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसंच नाणं वाजवून ऐकावं लागतं. आवाज बद्द आला तर समजायचं, आत गडबड आहे.

आरटीओ आणि इन्शुरन्स

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसीवरची माहिती कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कलमात 'बॉनेट' हा शब्द नाही, हे खरं. म्हणूनच आधी आरटीओत विचारून घेणं शहाणपणाचं. इन्शुरन्स कंपनीला बदल कळवला नाही, तर क्लेमच्या वेळी त्यांना हात वर करायला आयतं कारण मिळतं. आरसी आणि पॉलिसी दोन्हीवर नाव बाबांचं असतं, तेही लक्षात असू द्या.

तरीही घ्यायचंच असेल तर

- गाडीच्या कंपनीने स्वतः दिलेला पर्याय असेल तर तोच घ्या.
- पूर्ण कार्बन की वरचा थर, हे बिलावर लिहून मागा.
- लॉकचा हूक आणि बिजागऱ्या कशाला बसवल्यात, ते बॉनेट उलटं करून बघा.
- टेस्ट रिपोर्ट मागा. नसेल तर ते बॉनेट ट्रॅकवरच्या गाडीसाठी आहे असं समजा.
- आरटीओ आणि इन्शुरन्स कंपनीला आधी विचारा, नंतर नाही.

आठ दिवसांनी मित्र पुन्हा नाना पेठेत गेला. मीही गेले. काकांना पुन्हा विचारलं, रिपोर्ट आहे का? ते म्हणाले, 'पोरांनो, तुम्ही बॉनेट घ्यायला आलाय की ॲडमिशन?'

परत येताना मित्राने पार्किंगमध्ये गाडीचे टायर बघितले. खाचेत जे झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात, त्यांना टायर टेकायला आला होता. म्हणजे खाच १.६ मिलिमीटरवर आली होती, आणि तीच कायदेशीर मर्यादा. पावसाळा तोंडावर होता. त्याने चारही टायर नवे टाकले, उरलेले पैसे परत बँकेत.

'पण यार, टायरचा रील कोण बघणार?' तो अजून कुरकुरतोय.

मी बघेन की. मला रोज कर्वे रोड क्रॉस करायचा असतो.