श्रीलंकेची धम्मयात्रा आणि ई-व्हिसा

१९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते. त्या भूमीचे, अनुराधापूरच्या महाबोधी वृक्षाचे दर्शन घडावे असे आपल्या ज्येष्ठांना फार वाटते. परंतु तिकीट काढले म्हणजे झाले, असे नाही. श्रीलंकेने २०१२ पासून पर्यटकांसाठी ‘ईटीए’ ही संगणकावरून मिळणारी पूर्वपरवानगी सुरू केली आहे. ती ३० दिवसांची असते. पासपोर्टची मुदत मात्र तेथे पोहोचल्यापासून निदान सहा महिने हवी.

अर्ज सोपा आहे. घोळ होतो तो नाव व क्रमांक लिहिताना. आमच्या गटातील एका आजींच्या क्रमांकात शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ पडला. भरणारे आम्हीच, बँकेत रोज आकडे तपासणारे! मंजुरी आली, पण ती त्यांच्या पासपोर्टशी जुळेना. निघायला दोन दिवस असताना नवा अर्ज केला. तोवर आजींना झोप नव्हती. भारतीय पासपोर्टच्या क्रमांकात पहिले एक अक्षर आणि पुढे सातही अंकच असतात, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले.

अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा; त्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट एलके’ असते. तशाच दिसणाऱ्या खाजगी ठिकाणी जादा पैसे जातात. शुल्क बदलत असते, तेही तेथेच पाहावे. मंजुरीची छापील प्रत व परतीचे तिकीट हातातल्या पिशवीत ठेवावे, विमानात चढवायच्या बॅगेत नव्हे.