आकाशातला पहारेकरी

वेधशाळेनं ‘पाऊस पडेल’ म्हटलं की छत्री घरी ठेवावी, अशी थट्टा आपण करतो. पण चक्रीवादळाच्या बाबतीत अंदाज हा जिवाचा प्रश्न असतो.

उपग्रह नव्हते तेव्हा वेधशाळेची भिस्त किनाऱ्यावरच्या केंद्रांवर आणि जहाजांनी कळवलेल्या नोंदींवर असे. भर समुद्रात जहाज नसेल, तर तिथं काय शिजतंय हे कळायला मार्ग नव्हता. १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेनं ‘टायरॉस-१’ सोडला. तो जेमतेम ७८ दिवस चालला, पण ढगांची चित्रं वरून घेता येतात हे त्यानं दाखवलं. आपल्या आकाशावर सतत नजर ठेवणारा भारताचा उपग्रह स्थिरावला तो १९८३ मध्ये, ‘इन्सॅट-१बी’च्या रूपानं. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून असा उपग्रह पृथ्वीच्याच गतीनं फिरतो. म्हणून तो एका जागी थांबल्यासारखा भासतो.

मग रात्री काय? ढगांतून येणारे अवरक्त किरण तो मोजतो. ढगाचा माथा जितका थंड, तितका तो उंच. ढगांच्या वेटोळ्याची ठेवण पाहून वादळाचा जोर ठरवण्याची पद्धत अमेरिकी शास्त्रज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७०च्या दशकात बसवली. पुढं हवेच्या निरनिराळ्या थरांतलं तापमान आणि बाष्पही उपग्रहावरून मोजता येऊ लागलं. २०१३ मध्ये सोडलेल्या ‘इन्सॅट-३डी’वर असं उपकरण होतं. हे आकडे संगणकाच्या गणितात घातले, की वादळ उद्या-परवा कुठं असेल हे अधिक नेमकं सांगता येतं.

पण श्रोतेहो, नुसतं दिसून भागत नाही. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात महाचक्रीवादळ आलं, तेव्हा उपग्रह होते, इशारेही दिले होते. तरी सुमारे १० हजार माणसं गेली. पक्के निवारे फार थोडे होते. त्याच राज्याच्या किनाऱ्यावर १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ वादळ धडकलं. या वेळी इशारा काही दिवस आधी मिळाला, निवारे तयार होते आणि लाखो लोकांना वेळेत हलवलं गेलं. बळींची संख्या शंभराच्या आत राहिली.

तेव्हा किनारा सोडण्याचा इशारा कानी आला, तर समुद्र शांत दिसतोय म्हणून घरी थांबू नका. किनाऱ्यावरून दिसत नाही, ते वरून दिसलेलं असतं.