कवडी, चलनी
मॉलस्का (मृदुकाय) संघाच्या गॅस्ट्रोपोडा (उदरपाद) वर्गातील सायप्रीइडी कुलात या लहान सागरी गोगलगाईचा समावेश होतो. तिचे शास्त्रीय नाव मोनेटारिया मोनेटा असे आहे. कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये सायप्रिया मोनेटा या नावाने तिचे वर्णन केले; लॅटिन भाषेत ‘मोनेटा’ म्हणजे टाकसाळ किंवा नाणे. संस्कृतात कवडीला कपर्दिका, वराटक अथवा वराटिका म्हणतात. व्यवहारात ‘कवडी’ हा शब्द प्राणी व त्याचे कवच या दोहोंनाही लावला जातो.

तांबडा समुद्र व आफ्रिकेचा पूर्व किनारा यांपासून पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंतच्या उष्ण समुद्रांत ही कवडी आढळते. भारतात लक्षद्वीप व अंदमान-निकोबार बेटांच्या परिसरात ती सापडते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात व उथळ पाण्यात, दगडांखाली आणि मृत प्रवाळांच्या तुकड्यांत ती राहते व त्यांवर वाढणारी शैवले किसणीसारख्या दंतपट्टीने खरवडून खाते. नर व मादी भिन्न असतात. मादी अंड्यांच्या पुंजक्यावर बसून त्यांचे रक्षण करते. अंड्यांतून बाहेर पडणारे डिंभ (स्वतंत्रपणे जगणारी विकासातील पूर्व अवस्था) काही काळ पाण्यात तरंगत राहून नंतर तळाशी स्थिरावतात.

कवच : पूर्ण वाढलेले कवच साधारणपणे २ ते ३ सेंमी. लांब, जाड, चपटे व कडेला उंचवटे असलेले असते. पाठ पिवळसर किंवा पांढरी असून खालची बाजू पांढरी असते. तिच्यावर लांबट, अरुंद फट असते आणि फटीच्या दोन्ही ओठांवर दाते असतात. जिवंतपणी प्रावाराच्या (कवच निर्माण करणाऱ्या मऊ त्वचेच्या घडीच्या) दोन पाळ्या बाहेर येऊन सगळे कवच झाकतात व त्यावर सतत नवा थर देतात. म्हणून कवडी घासल्याशिवायही तकतकीत असते.

पिल्लाचे कवच मात्र पातळ व इतर गोगलगाईंप्रमाणे मळसूत्री असते. पुढे शेवटचा वेढा आधीच्या सर्व वेढ्यांना आच्छादतो, बाहेरचा ओठ आत वळतो व त्यावर दाते फुटतात. त्यानंतर कवच जाड होत जाते, परंतु त्याची लांबी वाढत नाही. बहुतेक गोगलगाईंची कवचे दीर्घकाळ वाढत राहतात. कवडीची वाढ अशी थांबत असल्याने एका ठिकाणच्या प्रौढ कवड्या आकाराने बऱ्याच सारख्या असतात. ही जीवशास्त्रीय गोष्टच तिच्या आर्थिक इतिहासाचे मूळ होय.

चलन : सारखा आकार, टिकाऊपणा आणि नक्कल करण्यातील अडचण यांमुळे कवडी मोजून, तोलून वा मापाने देता येत असे. भास्कराचार्यांच्या लीलावती (११५०) या ग्रंथातील कोष्टकाप्रमाणे २० वराटकांची एक काकिणी व ४ काकिणींचा एक पण होतो. बंगालमध्येही ८० कवड्यांचा पण धरीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हेट जिल्ह्याचा महसूल कवड्यांत भरला जाई व एका रुपयास ५,१२० कवड्या असा हिशेब होता.

कवड्यांचा मुख्य पुरवठा मालदीव बेटांतून होई. तेथे त्या खड्ड्यांत पुरून ठेवीत व मांस कुजून गेल्यावर बंगालमध्ये पाठवून तांदूळ आणीत. मालदीवमध्ये १३४३-४४ मध्ये राहिलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने एका सोन्याच्या दिनारास ४ लक्ष कवड्या हा तेथील भाव नोंदविला आहे. पुढे १३५२-५३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील माली राज्यात त्याला हाच दर १,१५० कवड्या असा आढळला. उगमापासूनच्या अंतराने कवडीचे मूल्य सुमारे ३५० पट झाले होते.

या तफावतीचा फायदा पुढे यूरोपीय व्यापाऱ्यांनी घेतला. डच व इंग्रज जहाजे परतीच्या प्रवासात जहाज स्थिर ठेवणारे वजन म्हणून कवड्या नेत. ॲम्स्टरडॅम व लंडन येथे विकलेल्या या कवड्या पश्चिम आफ्रिकेत जात आणि इतर मालाबरोबर त्या देऊन गुलाम विकत घेतले जात. उथळ पाण्यातून वेचलेली कवडी अशा रीतीने माणसाची किंमत ठरली.

कवडी चलनाचा ऱ्हासही पुरवठ्यामुळे झाला. हॅम्बर्गच्या व्यापाऱ्यांनी १८४५ पासून झांझिबारकडील मोनेटारिया ॲन्युलस या स्वस्त जातीच्या कवड्या पश्चिम आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर नेल्या. त्यामुळे कवडीचे मूल्य कोसळले. भारतात इंग्रजी अमलात नाण्यांनी तिची जागा घेतली. ओडिशात महसूल कवड्यांत स्वीकारणे बंद झाल्याने रयतेवर ओढवलेला भार हे तेथील १८१७ च्या पाइक उठावाचे एक कारण मानले जाते.

महाराष्ट्रात तुळजाभवानीचे भुत्ये कवड्यांच्या माळा घालतात; सारीपाटात फाशांऐवजी कवड्या टाकण्याचीही चाल आहे. आयुर्वेदात कपर्दिक भस्म वापरतात. ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’, ‘कवडीचुंबक’ या शब्दांत तिच्या चलनी दिवसांची स्मृती उरली आहे; मात्र ती सर्वांत लहान नाणे होती, निरुपयोगी वस्तू नव्हती, हे त्या शब्दांवरून लक्षात येत नाही.