पताका खाली, झेंडा वर

एक कापडी पताका हातात घ्या. पंधरा ऑगस्टला सोप्यापासून फाटकापर्यंत सुतळीवर ताणतात ना, तसलीच त्रिकोणी. ती त्रिकोणी का असते?

शिंप्याला माहीत असतं. लांब पट्टीतून एक त्रिकोण सुलटा, पुढचा उलटा असं कापत गेलं की दोन टोकांचे तुकडे सोडता कापड वाया जात नाही. त्याहून मोठी गंमत कात्रीच्या तिरकेपणात आहे. कापड म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची वीण. धाग्याला धरून सरळ कापलं, तर कडेचा धागा अख्खाच्या अख्खा निसटतो आणि त्याच्यामागून दुसरा. तिरक्या कापात कडेला प्रत्येक धाग्याचं नुसतं टोक येतं, लांब दोरा सुटायला वावच राहत नाही. म्हणून टीप न मारलेली पताकाही वाऱ्यात बऱ्यापैकी तग धरते.

मग छोटे छोटे तिरंगे, चक्रासकट, सुतळीला ओवून घराला लावले तर? इथे आपण चुकतो. केशरी, पांढऱ्या, हिरव्या अशा एकेका रंगाच्या पताका खुशाल लावाव्यात. पण राष्ट्रध्वजाचं तोरण किंवा पताका करायची नाही, सजावटीसाठी तो वापरायचाच नाही, असं 2002 ची ध्वजसंहिता सांगते. दुसरा झेंडा किंवा पताका ध्वजाच्या वर नको, शेजारी बरोबरीनेही नको. ध्वजस्तंभाच्या टोकाला फुलांचा हारसुद्धा चालत नाही.

याच संहितेमुळे सामान्य माणसाला वर्षभर कुठल्याही दिवशी घरावर ध्वज लावण्याची मोकळीक मिळाली. डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने यंत्रावरचं आणि पॉलिस्टरचं कापड चालू लागलं, तर जुलै 2022 पासून घरावरचा ध्वज रात्रीही ठेवता येतो. मापाला मात्र सूट नाही. लांबी-रुंदी 3:2 च हवी. ठरलेली मापं नऊ : सर्वांत मोठं 6300 गुणिले 4200 मिलिमीटर, सर्वांत लहान 150 गुणिले 100. आपल्या देशात वस्तूंच्या दर्जाची हजारो मानकं आहेत. त्यांतलं पहिलंच, ‘आयएस 1’, ध्वजाचं आहे!

एका कापडाचे एवढे लाड का, याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. 1930 साली जंगल सत्याग्रहात बिळाशीच्या लोकांनी सरकारी जंगलातला साग तोडला आणि त्याचाच खांब करून गावात झेंडा उभारला. तो उतरवायला पोलीस आले, गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हाच्या झेंड्यात केशरी रंग नव्हताच. पांढरा, हिरवा, लाल आणि चरखा. केशरी आला 1931 मध्ये, चरख्याच्या जागी चक्र आलं 1947 मध्ये. बिळाशी आज सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हा तो सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. पुढे 9 सप्टेंबर 1942 रोजी सातारा जिल्ह्यातल्या वडूजला ‘चले जाव’ चळवळीच्या मोर्चात परशुराम घार्गे झेंडा घेऊन पुढे होते. पोलिसांच्या गोळ्यांनी ते कोसळले. सातारा आणि सांगलीत झेंडा वर चढवण्याची किंमत अशी मोजली गेली आहे.

म्हणून घर सजवताना क्रम सोपा आहे. झेंडा गच्चीवर, सगळ्यात उंच, एकटा. पताकांच्या माळा त्याच्या खाली, सज्जाला, ओसरीला, दारातल्या आंब्यापर्यंत, हव्या तितक्या.

सण सरला की पताका सुतळीसकट गुंडाळून माळ्यावर जातात. एखादी फाटलीच तर सायकल पुसायला तिचा बोळा होतो, आणि त्यात काही गैर नाही. झेंडा फाटला तर तो पुन्हा लावत नाहीत, त्याचा बोळाही करत नाहीत. लोकांच्या नजरेआड, मान राखून, शक्यतो जाळून त्याला निरोप देतात.

वीण तीच, उभ्या-आडव्या धाग्यांची.