अंधारांतली ऊब पाहणारा डोळा

कॉटन ग्रीन हें नांव ऐकतांच मुंबईच्या जुन्या रहिवाशांच्या डोळ्यांपुढें कापसाचे गठ्ठे उभे राहतात. कुलाब्याचा कापूसबाजार १९२० नंतरच्या दशकांत शिवडीजवळ भर घालून तयार केलेल्या जमिनीवर आला. तेथील कॉटन एक्स्चेंजच्या इमारतींत कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचें कार्यालय आजहि आहे. गठ्ठ्यांची ती गर्दी ओसरली, तरी बंदराच्या रस्त्यांवरील मालमोटारी हटलेल्या नाहींत. येथून रात्रीं निघालेली मालमोटार कसारा घाट चढून नाशिककडे, किंवा बोरघाट ओलांडून साताऱ्या-कोल्हापूरकडे जाते. शहराचे दिवे मागें पडले, कीं ड्रायव्हरचा सारा भरंवसा मोटारीच्या दोन दिव्यांवर उरतो.

शरद सरून हेमंत लागला, म्हणजे हा भरंवसा अपुरा पडूं लागतो. दिवस लहान होतो, पहांटे नदीकांठच्या सखल भागांत धुकें सांचतें, आणि याच सुमारास साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. उसानें लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात; पुष्कळांस मागें दिवा नसतो. आतां थोडा हिशेब पाहावा. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें जाते. समोर कांहीं आहे हें कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर संपले. पुढें थांबावयास कोरड्या रस्त्यावरहि निदान तितकेच लागतात. उलट, खालीं झुकविलेल्या दिव्यांच्या झोतांत काळ्या घोंगडींतला माणूस पुष्कळदां चाळीस-पन्नास मीटरांवर येईपर्यंत दिसत नाहीं. समोरून प्रखर झोत आला, तर तेवढाहि नाहीं. अपघात होतो तो या दोन अंतरांच्या तफावतींत.

दिव्याची मर्यादा अशी, कीं आपण टाकलेला उजेड ज्या वस्तूवरून परत येईल तेवढीच वस्तु दिसते. परंतु प्रत्येक वस्तु आपल्या उष्णतेच्या मानानें स्वतःहि किरण टाकीत असते. विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें १८०० सालीं लोलकांतून पडलेल्या रंगपट्ट्यांत तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें, तेथें तापमापक ठेवला, आणि त्यांतील पारा चढला. हेच अवरक्त किरण. मनुष्यशरीरांतून निघणाऱ्या अशा किरणांचा जोर मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या भागाइतक्या तरंगलांबीवर सर्वांत अधिक असतो. दृश्य प्रकाशाहून ही लांबी जवळजवळ वीसपट आहे.

हे किरण टिपणाऱ्या यंत्रास थर्मल कॅमेरा म्हणतात. साधी कांच त्यांस अडविते. म्हणून याचें भिंग बहुधा जर्मेनियमचें करितात, आणि कॅमेरा कांचेमागें न ठेवतां मोटारीच्या पुढल्या जाळीपाशीं बसवितात. भिंगामागें अतिसूक्ष्म पट्ट्यांच्या ओळी असतात. पट्टी किंचित् तापली, कीं तिचा विद्युत्-रोध बदलतो, आणि त्या बदलांवरून पडद्यावर चित्र उमटतें. थंड रस्ता काळसर, तर माणूस आणि बैल पांढरे, असें तें चित्र असतें. समोरच्या दिव्यांनीं तें दिपत नाहीं, आणि दिव्याच्या झोतापलीकडील, शंभर मीटरांहून दूरचा पादचारीहि त्यांत ओळखूं येतो. थंडीच्या रात्रीं आसमंत गार आणि अंग उबदार, म्हणून हा भेद विशेष स्पष्ट होतो. उन्हाळ्यांत तापलेल्या डांबरापुढें तो फिका पडतो.

कॅडिलॅक कंपनीनें आपल्या २००० सालच्या डेव्हिल मोटारींत असा कॅमेरा प्रथम दिला. होंडा कंपनीनें २००४ सालीं जपानांत पादचारी ओळखून इशारा देणारी योजना आणली. पुढें इतर कंपन्यांच्या उंची मोटारींतहि ही सोय आली. मालमोटारीच्या ड्रायव्हरपाशीं मात्र ती क्वचितच असते.

या डोळ्यासहि अंधत्व आहेच. विरळ धुक्यांत आणि धुरांत तो माणसाच्या डोळ्याहून सरस ठरतो. पण दाट धुक्याचे जलकण या किरणांसहि गिळतात. दुसरी उणीव अधिक घातक आहे. चालत्या गाडीचे बैल त्यांत उठून दिसतात. परंतु बंद पडून तासन् तास उभ्या असलेल्या ट्रॉलीचा ऊस आणि तिचीं चाकें सभोंवारच्या हवेइतकींच गार होतात, आणि ती रात्रींत मिसळून जाते. तिला वांचविणारी वस्तु म्हणजे मागें लावलेली साधी तांबडी परावर्तक पट्टी. उबेचा शोध घेणारें यंत्र जेथें थकतें, तेथें ही पट्टी मोटारीचाच उजेड तिच्याकडे परत धाडते.

म्हणून थर्मल कॅमेरा हा दिव्याचा सोबती समजावा, वेगाचा परवाना समजूं नये. दिव्याच्या झोतांत जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यांत मोटार थांबेल, इतकाच वेग ठेवावा, हा नियम ज्याच्यापाशीं यंत्र नाहीं त्यालाहि पाळतां येतो. पहांटेच्या धुक्यांत बैलांशेजारून चालणाऱ्या ऊसतोडणी मजुराचा जीव त्या कांहीं मीटरांच्या अंतरावरच अवलंबून असतो.