कंपनीवरचा जीव

आजऱ्यात फ्रीज पंधरा वर्षं विनातक्रार चालला तर श्रेय कंपनीचं, आणि दोन वर्षांत बसला तर दोषही कंपनीचाच. मधे आणखी कुणाचा हात असेल हे सहसा मनात येत नाही. "आमच्यात सगळं एकाच कंपनीचं. दुसरं आणायचंच न्हाई," असं ठणकावून सांगणारी घरं इथं गल्लोगल्ली आहेत. त्यांना लागूनच असलेलं घर मात्र त्याच कंपनीचं नाव काढलं की हात झाडतं. दोघंही आपापल्या अनुभवाचंच बोलत असतात. एकाच कारखान्यातून निघालेल्या, एकाच टेम्पोतून आलेल्या दोन वस्तूंनी एका घरात भक्त आणि दुसऱ्या घरात वैरी कसे तयार केले, याचा माग काढत गेलं की वाट गल्लीतल्या डीपीपासून सुरू होते आणि माणसाच्या मनात फार खोलवर जाऊन पोहोचते.

आधी डीपी, म्हणजे गल्लीला जिथून वीज येते ती जागा, बघू. तिथून गल्लीकडे तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. कोणतीही एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामधे २३० व्होल्ट असतात. दोन फेजमधे मात्र ४०० व्होल्ट. प्रत्येक घर एका फेजवर असतं आणि न्यूट्रल सगळ्यांचा सामायिक. आता वाऱ्यानं फांदी पडली आणि न्यूट्रल तुटला, असं समजा. लाईट जात नाही. वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं नकळत एकमेकांना जोडली जातात, आणि ते ४०० व्होल्ट दोघांत वाटले जातात. वाटणी समान होत नाही. ज्याच्याकडे जास्त विजेचं काम चालू आहे त्याला कमी व्होल्ट मिळतात, आणि ज्याच्याकडे थोडंच चालू आहे त्याला जास्त. एका घरात १५०० वॅटचा हीटर चालू असेल आणि दुसऱ्यात टीव्ही-बल्ब मिळून १५० वॅट, तर हिशोबानं हीटरवाल्याला चाळीसही व्होल्ट मिळणार नाहीत आणि टीव्हीवाल्याकडे साडेतीनशेच्या वर जातील. एकाकडे पाणी तापत नाही, दुसऱ्याकडे टीव्हीतून धूर.

मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी थक्क झालो. तुमचा टीव्ही वाचला की जळला, हे त्या मिनिटाला शेजारच्या काकींनी आंघोळीचं पाणी तापायला लावलं होतं की नाही, यावर ठरू शकतं! पण दुसऱ्या दिवशी सोप्यात बसून कुणी न्यूट्रलचं नाव घेत नाही. टीव्हीच्या कपाळावर जे नाव असतं, तेच तोंडात येतं.

दुसरा हात वळवाचा. एप्रिल-मेमधे दुपारनंतर आभाळ भरून येतं, आणि आजऱ्यात जाणती माणसं आधी उठून पिना काढतात. वीज थेट घरावर पडायची गरज नसते. जवळपास कुठं पडली तरी तारांमधे क्षणभर मोठा झटका उठतो, आणि तो लाईटच्या तारेतून किंवा डिशच्या केबलमधून आत शिरतो. त्याला जमिनीत उतरवण्याचं काम अर्थिंगचं. पण अर्थिंग चांगलं चालायला जमिनीत ओल लागते, आणि मे महिन्यात इथला जांभा वर्षातला सगळ्यात कोरडा असतो. म्हणजे विजा ज्या दिवसांत सर्वाधिक कडकडतात, नेमकं त्याच दिवसांत अर्थिंग सगळ्यात दुबळं. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वर पाणी ओतत राहणारे जुने वायरमन काही उगाच ते करत नव्हते.

मग पावसाळा. जुन्या रंगीत टीव्हीच्या काचेच्या नळीला सुमारे पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागायचा. आत साचलेल्या धुळीला आजऱ्याची ओल लागली की त्या धुळीतून वीज वाट काढायची, चर्र असा आवाज यायचा. "पावसात रोज थोडा वेळ टीव्ही लावत जावा," हा मेकॅनिकचा सल्ला शास्त्रशुद्ध होता, कारण चालू टीव्हीची ऊब आतली ओल उडवते. रोज टीव्ही बघणाऱ्या घराचा संच टिकायचा आणि मुलांच्या अभ्यासासाठी चार महिने टीव्ही झाकून ठेवणाऱ्या घराचा बिघडायचा. निकाल पुन्हा कंपनीवर.

कंपनीचा वाटा काहीच नसतो, असं मात्र नाही. रात्री व्होल्टेज पडायचं, बल्ब पिवळे व्हायचे, अशा गावांत जे टीव्ही तरीही चालत राहिले त्यांच्या पोटात एक सुंदर युक्ती होती. आलेली वीज जशीच्या तशी न वापरता आधी सरळ करायची, मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडायचे, आणि बाहेर व्होल्टेज कमी असेल तर प्रत्येक तुकडा थोडा लांब घ्यायचा, जास्त असेल तर आखूड. आतल्या भागांना बाहेरचा गोंधळ कळतच नाही. आज मोबाईलच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं ते याच युक्तीच्या बळावर. जुन्या फ्रीजला ही सोय नव्हती. त्याच्या कंप्रेसरची मोटर कमी व्होल्टेजवर सुरूच होऊ शकत नाही. ती नुसती गुरगुरत जास्त करंट ओढते, आणि वाइंडिंग तापून जळतं. म्हणून फ्रीजच्या डोक्यावर स्टॅबिलायझर. ज्यानं तो घेतला त्याचा फ्रीज टिकला, आणि नाव झालं फ्रीजच्या कंपनीचं.

आता एक छोटा हिशोब करून बघा. दोन कंपन्या अगदी सारख्या दर्जाच्या आहेत असं धरू, विसांतला एक टीव्ही दोन वर्षांत बिघडतो. एका गल्लीत दोघींचे पाच-पाच टीव्ही आहेत. एका कंपनीचा निदान एक टीव्ही बिघडला आणि दुसरीचा एकही नाही, असं किती गल्ल्यांत होईल? साधारण तिनांतल्या एका गल्लीत! म्हणजे काहीही फरक नसताना दर तिसरी गल्ली ठाम निकाल देऊन मोकळी होणार, आणि कुठल्या गल्लीत कुठली कंपनी बदनाम होईल ते निव्वळ योगायोगावर. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी १९७१ साली याच सवयीवर लिहिलं. थोडक्या उदाहरणांवर माणूस फार मोठा भरवसा टाकतो, आणि त्यांनी पारखलेल्या लोकांत संशोधकसुद्धा होते.

पण निष्ठा फक्त बिघाडातून येत नाही. बरीचशी ती वारशानं येते. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. गिरणगावच्या खोल्यांत दहा-बारा जण एका रेडिओभोवती बसायचे, आणि गावाकडे काय न्यायचं ते तिथंच ठरायचं. गणपतीला खोक्यातून जे नाव गावात उतरलं ते भावकीचं नाव झालं. ऐंशीच्या दशकात त्यात टीव्ही आले. १५ ऑगस्ट १९८२ला दूरदर्शन रंगीत झालं, त्या वर्षी दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि बाजार खुला झाला. मुंबईच्या ओनिडानं हिरव्या कातडीचा, शिंगं-शेपटीवाला राक्षस जाहिरातीत आणला. शेजाऱ्यानं जळावं आणि मालकानं मिरवावं, असा त्याचा मंत्र होता. ती कल्पना गोपी कुकडे या मराठी माणसाच्या जाहिरात संस्थेतून आली होती. आणि औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, धूत कुटुंबाची व्हिडिओकॉन. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात तिचा कारखाना होता आणि तंत्रज्ञान जपानच्या तोशिबाकडून घेतलेलं होतं. मराठवाड्यात जुळलेला टीव्ही सह्याद्रीच्या कुशीतल्या गावात रामायण दाखवू लागला, ही त्या काळची केवढी मोठी घटना होती! २०१८ साली व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण "त्या टीव्हीची सर आताच्याला न्हाई" हे बोल काही त्यासोबत बंद पडले नाहीत.

का नाही पडले? इथं या विषयातला सगळ्यात नवलाचा भाग सुरू होतो, आणि योगायोग असा की ते शोधलं गेलं घरगुती उपकरणांवरच. १९५६ साली मिनेसोटा विद्यापीठात जॅक ब्रेम या तरुण संशोधकानं सव्वादोनशे विद्यार्थिनींसमोर आठ वस्तू ठेवल्या. त्यात टोस्टर होता, कॉफीचं यंत्र होतं, सँडविच भाजायचं यंत्र, टेबलावरचा दिवा, छोटा रेडिओ. प्रत्येकीनं प्रत्येक वस्तूला गुण दिले. मग त्यांतल्या दोन वस्तू दाखवून सांगितलं, यांतली एक तुमची, निवडा. थोड्या वेळानं पुन्हा गुण द्यायला लावले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले होते आणि सोडून दिलेलीचे घटले होते. घरी नेऊन वापरलेलं काही नव्हतं, फक्त निवड झाली होती. दोन्ही वस्तू जवळजवळ सारख्याच आवडत्या असल्या तर हा फरक आणखी मोठा पडत होता. काही जणींना मात्र निवडायला न देता वस्तू तशीच भेट दिली होती, आणि त्यांच्या गुणांत अशी वाढ झाली नाही.

हे वाचताना मला आपली घरं डोळ्यांसमोर येतात. लग्नात आलेल्या मिक्सरबद्दल कुणी भांडत नाही. पण चार दुकानं फिरून, गडहिंग्लजला जाऊन भाव काढून, भावाशी वाद घालून जो फ्रीज आणला, त्याला कुणी नावं ठेवली की मन खवळतं. दोन फ्रीजमधला फरक जितका कमी, तितकी नंतरची बाजू मांडण्याची धडपड जास्त.

ब्रेमचे गुरू लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली याचा सिद्धांत मांडला. निवड झाली की सोडलेल्या वस्तूचे चांगले गुण टोचत राहतात, म्हणून मन ते हळूहळू पुसतं. त्याच वर्षी त्यांच्या वर्तुळातल्या संशोधकांना दिसलं की नवी मोटार घेतलेली माणसं घेतल्यावरसुद्धा त्याच मोटारीच्या जाहिराती आवर्जून वाचतात. आपण बरोबर होतो हे पुन्हा पुन्हा ऐकायला हवं असतं.

पण हे सगळं आपण आठवून आठवून करतो का? २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तसाच प्रयोग अशा रुग्णांवर केला, ज्यांच्या मेंदूत नवी आठवण टिकतच नाही. त्यांना चित्रांचे क्रम लावायला दिले, काही निवडायला लावली, पुन्हा क्रम लावायला दिले. आपण काही निवडलं होतं, हे त्यांना आठवत नव्हतं. तरीही निवडलेली चित्रं वर सरकली होती. निवड विसरली गेली आणि ओढ शिल्लक राहिली! हे वाचून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो. "का आवडतो ते सांगता येत न्हाई, पण हाच चांगला" असं आजी म्हणते, तेव्हा ती हट्ट करत नसते. तिच्या मनानं जे केलं त्याची नोंदच तिच्याजवळ नसते.

यापुढचा भाग थोडा कोरडा आहे, पण मला तो तितकाच विलक्षण वाटतो. विल्यम मॅकफी यांनी १९६३ साली एक गोष्ट टिपली आणि पुढे अँड्र्यू एरेनबर्ग यांनी ती बाजारात जागोजागी पडताळली. लहान ब्रँडला गिऱ्हाईक कमी मिळतं हे उघड आहे. पण जे मिळतं त्याची निष्ठासुद्धा मोठ्या ब्रँडच्या गिऱ्हाइकापेक्षा कमी असते. जणू एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा. म्हणजे निष्ठा पुष्कळदा मोठेपणाची सावली असते. तालुक्याच्या गावात हे लगेच पटतं. जी कंपनी जास्त खपते तिचे पार्ट दुकानात मिळतात, मेकॅनिकचा हात तिच्यावर बसलेला असतो, तिचा माणूस कोल्हापूरहून दोन दिवसांत येतो. जी कमी खपते तिच्या एका बोर्डासाठी महिनाभर थांबावं लागतं.

आणि ज्या नावावर एवढा जीव लावला त्या नावामागं आज कोण आहे? टीव्हीचा पडदा, म्हणजे त्याचा सगळ्यात महागडा भाग, जगात मोजकेच कारखाने बनवतात, त्यांतले बहुतेक चीनमधे. सॅमसंगच्या पडदे बनवणाऱ्या कंपनीनं २०२२ साली एलसीडी पडदे बनवणं थांबवलं, तेव्हापासून त्यांच्या एलसीडी टीव्हीतही दुसऱ्यांचे पडदे असतात. नोएडाची डिक्सन ही कंपनी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या अनेक नावांसाठी टीव्ही आणि वॉशिंग मशीन बनवून देते. कोडॅक आणि थॉमसन या नावांचे टीव्ही भारतातली एकच कंपनी परवान्यावर बनवते. व्हिडिओकॉनला जिनं हात दिला त्या तोशिबाचं नाव आता टीव्हीवर दिसलं तर मागं चीनची हायसेन्स असते, आणि फ्रीजवर दिसलं तर चीनचीच मिडिया.

केल्व्हिनेटरचा प्रवास तर याहून लांबचा. उणे २७३.१५ अंशांच्या पलीकडे थंडी जाऊच शकत नाही, त्या शून्यापासून तापमान मोजायला लॉर्ड केल्व्हिन यांनी शिकवलं. त्यांच्या नावावरून अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधे शंभर वर्षांपूर्वी फ्रीजचं हे नाव निघालं. भारतात ते फरिदाबादच्या कारखान्यातून घरोघर गेलं. नव्वदच्या दशकात तो कारखाना व्हर्लपूलकडे गेला, नाव फिरत इलेक्ट्रोलक्सकडे, आणि २०२५ साली रिलायन्स रिटेलनं ते विकत घेतलं. आजऱ्यातल्या एखाद्या मावशी नव्या दुकानात ते नाव वाचून थबकतील, आईच्या घरातला पांढरा फ्रीज आठवतील आणि दुकानदाराला विचारतील, "हा तोच न्हवं?"

दुकानदार "होय की, तोच" म्हणेल. फ्रीजमधे त्या जुन्या फ्रीजचा एक स्क्रूसुद्धा नसेल. मावशींचा जीव मात्र तेवढाच खरा असेल, आणि तो फ्रीज घरी आल्यावर किती वर्षं चालतो हे पुन्हा गल्लीचा न्यूट्रल, डोक्यावरचा स्टॅबिलायझर आणि मे महिन्यातलं अर्थिंग मिळून ठरवतील.